टोपीखालचं फूल

या वर्षीचं पहिलं फूल वरदालाच सापडायला हवं होतं! सलग तीन वसंत तो मान मालविकाने पटकावला होता. दोघी पुण्यात एकाच बाकावर बॉटनी शिकल्या. पण मालविका केंब्रिजला संशोधक झाली आणि वरदा लंडनजवळ क्रॉयडनच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासत बसली. फुलवेड्या मैत्रिणींच्या ग्रुपवर मालविकाचं कौतुक सुरू झालं, की वरदाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मार्चमधल्या एका गारठलेल्या सकाळी दोघी इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या डंजनेसच्या किनाऱ्यावर उतरल्या. जिकडे पाहावं तिकडे गोटेच गोटे, ना झाड ना आडोसा. इथले लोक या भागाला वाळवंटच म्हणतात. शोधायचं होतं व्हिटलोग्रास. नाव गवताचं, कूळ मात्र मोहरीचं! एकदाच फुलतं, बी टाकतं आणि उन्हाळ्याआधी वाळून जातं. जमिनीला चिकटलेलं पानांचं चिमुकलं चक्र, त्यातून दोऱ्याएवढा बिनपानांचा देठ आणि टोकाला मसुरीच्या दाण्याएवढं पांढरं फूल. पाकळ्या असतात चार, पण प्रत्येक मधोमध इतकी चिरलेली, की वाटतात आठ. शिवाय ते रुजतं आतल्या बाजूच्या, शेवाळ धरलेल्या जमिनीत. लाटांनी हलणाऱ्या गोट्यांत नाही.

आधी पाण्याकडचे सी-केलचे, त्या समुद्रकाठच्या कोबीचे, कोंब बघून येते, फूल काय, सापडेलच, असं म्हणून मालविका निघून गेली. तो 'सापडेलच' वरदाला चांगलाच झोंबला. ती पोटावर आडवी झाली, भिंग डोळ्याला लावून इंचाइंचाने सरकली. आणि दिसलं! आठ वाटणाऱ्या चार पाकळ्या!

हाक मारायला तोंड उघडलं आणि तिने ते मिटून घेतलं. तिने गुपचूप फोटो काढला, पण फोनला सिग्नल नव्हता. ग्रुपवर फोटो पडेपर्यंत मालविकाच्या नजरेस हे पडायला नको. तिने डोक्यावरची लाल टोपी काढून अलगद फुलावर पालथी घातली.

तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं. बघता बघता हातभर पुढचं दिसेना! खालून मालविकाची किंकाळी आली.

वरदा धावली. गोटे घसरले. ती पडली, उठली, पुन्हा धावली. मालविका पाय मुरगळून उतारावर पडली होती. भरती चढत होती. प्रत्येक लाट तिच्या पायाखालचे गोटे ओढून नेत होती! वरदाने तिला काखेत धरून वर खेचलं. पण आता जायचं कुठे?

"शेवाळ शोध," मालविका धापा टाकत म्हणाली. शेवाळ लागलं की समुद्र मागे पडला. दोघी रांगत, हाताने चाचपत निघाल्या. उघडे गोटे, उघडे गोटे... अखेर मऊ शेवाळ! आणि त्यावर लाल टोपी.

मालविकाने ती उचलली. खाली फूल होतं.

"टोपी फुलाला घातलीस, की मला?"

"तुला," वरदा म्हणाली. तिला रडू आलं.

धुकं विरलं. रस्त्यापर्यंत लंगडत गेल्यावर सिग्नल मिळाला. मालविकाने स्वतःच ग्रुपवर लिहिलं, 'यंदाचं पहिलं फूल वरदाचं.' टोपीबद्दल अवाक्षर नाही.

वरदाने ते वाचलं, आणि तिचा पुन्हा जळफळाट झाला. एवढा मोठेपणासुद्धा हिलाच कसा जमतो!