घोट्यावरची पकड

कुणी खोटं म्हणालं तरी चालेल. मी तिथे होते. सोनोग्राफीचा प्रोब माझ्याच हातात होता.

साल १९९३. धुळ्यातलं देवपूर. मार्चमधली रणरणती दुपार. माझं तिथे सोनोग्राफीचं छोटं सेंटर होतं.

त्याच्या महिनाभर आधी कमल आली होती. साक्रीकडची कबड्डीपटू, विशीतली. सोबत तिचे कोच, लीलाधर सर. कमलची पोटरी सुजून टणक झाली होती.

"मॅडम, पाय दुखस. दम बी लागस," ती म्हणाली.

स्नायू फाटला होता. पण भीती वेगळीच होती. प्रोबने दाबलं की शीर चपटी व्हायला हवी. ती होत नव्हती. आत रक्ताची गाठ होती.

"आजच ॲडमिट करा सर. गाठ फुप्फुसात गेली तर मरेल ही."

"उद्या फायनल आहे मॅडम. मालिश केली की उतरेल सूज."

फायनलमध्ये कमल मैदानातच कोसळली. गेली.

"पोरीचं हृदयच कमजोर होतं," असं सांगत हा माणूस गावभर फिरला!

आणि त्या दुपारी हाच लीलाधर पोटरी धरून माझ्या टेबलावर येऊन झोपला.

माझे दात आवळले गेले. तरी मी प्रोब टेकवला.

स्नायू ठीक. शीर ठीक.

मग... आवाज आला.

अगदी हळू. एका दमात.

"कबड्डी... कबड्डी... कबड्डी..."

खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी मशीन बंद केलं. आवाज बंद झाला नाही.

लीलाधर उठायला गेला. उठता येईना. त्याच्या घोट्यावरची कातडी आत दबत होती... बोटांनी दाबल्यासारखी.

"पाय धरलाय कुणीतरी! सोडवा मॅडम!"

मी दोन्ही हातांनी ओढलं. पाय तसूभर हलेना.

आवाज थांबला...

आणि त्याचेच ओठ हलू लागले.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..."

डोळे बाहेर आले. चेहरा निळा पडला. त्याला श्वासच घेता येत नव्हता.

मग अचानक पाय सुटला.

तो लंगडत, धापा टाकत पळाला. पुढे त्याला निवड समितीवर घेतलं. हारतुरे झाले. विचारलं तर म्हणतो, मशीनचा शॉक बसला.

मी साक्रीला गेले. कमलच्या आईला, भागाबाईंना, सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी संतापून विचारलं,

"मंग सोडं कसाले तिनी त्याले?"

तिने त्याला सोडलं कशाला, हाच प्रश्न घेऊन मी परतले.

अजूनही त्या टेबलाकडे पाठ करून मला बसवत नाही.