भिंगरीची उचकी

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. हवी तर पैज लावा.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबतो. आजवर अकरा जणांना ही हकिकत सांगितली आणि अकराच्या अकरा जण हसले. एक जण तर हसता हसता खुर्चीवरून पडला. पण ज्या कानांनी मी हे ऐकलं त्या कानांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे.

वार मंगळवार. सकाळचे अकरा वाजायला दहा मिनिटं कमी. बाहेर लख्ख ऊन.

आणि जागा… परदेशातल्या एका हॉस्टेलचं तळघर.

ज्यांना भुतं फक्त काळोखातच भेटतात, त्यांनी खुशाल उठून जावं.

भिंगरी म्हणजे माझी भाची. पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. पंचविशी गाठली, नोकरी सोडली, स्वतःच्या वजनाएवढी सॅक पाठीला लावली आणि निघाली पाच महिने परदेश फिरायला. बरोबर दोन जण. एक मैत्रीण, डबा. जिथे जेवेल तिथलं उरलेलं डब्यात भरून घ्यायची. दुसरा मित्र, नकाशा. त्याच्या हातात नकाशा आला की सगळे हमखास रस्ता चुकायचे. तिसऱ्या महिन्यात भिंगरीचा दादा आणि वहिनीही रजा टाकून त्यांना जाऊन मिळाले. झाले पाच.

घरी उरलो आम्ही दोघं. माझी बहीण, म्हणजे भिंगरीची आई, आणि मी.

आता या घराचा एक नियम ऐका. घरातलं माणूस कुठेही गेलं, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलं, तरी पोचल्यावर ‘पोचलो’ म्हणून कळवायचं. भिंगरी सात वर्षांची असताना तिचे वडील संध्याकाळच्या गाडीनं कामाला निघाले आणि तो शब्द कधी आलाच नाही. तेव्हापासून ‘पोचलो’ ऐकल्याशिवाय माझी बहीण अंथरुणाला पाठ टेकत नाही.

आणि एकदा ऐकलं, की पुढे एक प्रश्न विचारत नाही.

पहिल्या मुक्कामी भिंगरीनं निरोप बोलून पाठवला. चार पलंगांची खोली. बाकीचे खाली जेवायला गेलेले. ही एकटीच फोन तोंडाशी धरून म्हणाली, “आई, पोचले गं…”

आणि नेमकी मध्येच उचकी लागली.

“…उचक्… सगळं ठीक आहे. काळजी करू नकोस.”

झालं. दुसऱ्या दिवशी भिंगरीला कंटाळा आला. तिनं काय करावं? कालचाच निरोप उचलला आणि पुन्हा पाठवून दिला. तिसऱ्या दिवशी तोच. चौथ्या दिवशी तोच. गावं बदलली, हवा बदलली, निरोप तोच.

इकडे माझी बहीण खूश. “बघ रे, रोज बरोबर त्याच वेळेला उचकी लागते तिला. मी आठवण काढते ना!”

मला हसू दाबता दाबता ठसका लागायचा.

दादा तिकडे गेल्यावर ही लबाडी त्याच्या लक्षात आली. “अगं, लाज वाटते का? निदान आवाज तरी ताजा कर.”

“उद्या करते रे.”

“आई तिकडे पाणी प्यायला सांगतेय तुला. उचकीवर उपाय म्हणून!”

सगळे पोट धरून हसले. भिंगरीही हसली.

तिला काय माहीत…

एका रविवारी बहिणीचा फोन गेला. “काल तुझ्यामागे कोण चालत होतं गं?”

“कोण असणार? कोणी नाही.”

“अनवाणी चालत होतं कोणीतरी. फरशीवर पावलं वाजली.”

भिंगरीनं तो निरोप लावून ऐकला. नेहमीचाच. मग कानात इअरफोन घालून, डोळे मिटून पुन्हा ऐकला. पोचले गं… उचक्…

आणि उचकीच्या मागे…

थप. थप.

ओल्या पायांची दोन पावलं.

त्या खोलीत त्या दिवशी ती एकटी होती. दोन महिन्यांत पन्नासदा पाठवलेला निरोप, त्यात हा आवाज कधीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऐकलं. पावलं चार झाली होती.

तिसऱ्या दिवशी सहा. आणि जवळ.

भिंगरी तशी घाबरट नाही. पण तिनं तो निरोप फोनमधून पुसून टाकला. त्याच दिवशी घाटात त्यांची बस बंद पडली. पाचही जण रस्त्याच्या कडेला सॅकांवर बसलेले. नकाशा म्हणतोय, पुढचं गाव उजवीकडे. डबा म्हणतेय, म्हणजे नक्की डावीकडे. भिंगरीनं फोन काढला, आईला कळवावं, उशीर होईल म्हणून.

आईचा मेसेज आधीच येऊन पडलेला.

‘बरं झालं पोचलात. आज आवाज किती स्वच्छ आला गं. अगदी कानाशी बोलल्यासारखा.’

भिंगरीनं काही पाठवलंच नव्हतं.

तिनं तिथल्या तिथे फोन लावला. “आई, आम्ही पोचलो नाही. वाटेत अडकलोय!”

“हो का? मग मघाशी ‘पोचले’ असं कोण म्हणालं?”

“ते… ते जुनं होतं. मी रोज तोच निरोप पाठवत होते, आई.”

मग बहीण हळूच म्हणाली, “अगं, आज तू डब्याचं नाव घेतलंस. बस घाटात बंद पडली होती, तेही सांगितलंस. जुन्यात ते कुठून येईल?”

उन्हात बसलेल्या भिंगरीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं फोन दादापुढे धरला. दादा वैतागला. “तूच पाठवलं असशील आणि विसरली असशील. उन्हाचा त्रास झालाय तुला. पाणी पी.”

पाणी पी!

दादाची रजा संपत आली. भिंगरीचाही पाचवा महिना सरला. सगळ्यांनी मिळूनच घरी परतायचं ठरलं. शेवटचा मुक्काम त्या हॉस्टेलात.

तिथली पद्धत अशी, की अकरा ते चार इमारत साफसफाईसाठी बंद. पाहुण्यांनी अकराच्या आत बाहेर पडायचं, जाताना वहीत सही करायची. साडेअकराची बस विमानतळाला जाणारी. दादानं सगळ्यांचे पासपोर्ट एका पाकिटात घालून गळ्यात अडकवले होते. सॅका दाराशी रचून झाल्या.

भिंगरीचे बूट तेवढे राहिले. आदल्या दिवशी ओढ्यात भिजलेले. तळघरात बूट वाळवायची खोली होती, तिथे ठेवलेले.

“पळत जा आणि पळत ये,” वहिनी म्हणाली. “नाहीतर तुला इथेच ठेवून जाऊ.”

थट्टेतच म्हणाली बिचारी.

भिंगरी मोज्यांवरच खाली उतरली. छोटी खोली. भिंतीलगत गरम पाण्याचे पाइप, त्यांवर लाकडी फळ्या. वर छताशी जाळीची अरुंद खिडकी, रस्त्याला लागून. तिच्यातून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसायचे.

फळ्यांवर बूट नव्हते.

बूट ठेवले होते तिथे पाण्याचे दोन ठसे. आणि तिथून दारापर्यंत… अनवाणी पावलं. ओली.

दाराकडे जाणारी.

ती वळली आणि दार लागलं.

धाडकन नाही. अगदी हळू. झोपलेलं माणूस उठू नये म्हणून आपण लावतो ना, तसं. आणि बाहेरून कडी सरकली.

“ए डबा, थट्टा पुरे! उघड!”

तिनं दार बडवलं. हात लाल झाले. वर कुणीतरी बाई मोठ्या आवाजाचं यंत्र लावून सतरंज्या झाडत होती. मग ते यंत्रही थांबलं. मुख्य दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला. आणि सगळं शांत.

फोन खिशात होता. बॅटरी दोन टक्के. तिनं दादाला लावला.

दादानं उचलला. “हॅलो?”

“दादा, मी तळघरात अडकलेय! दार उघड!”

“हॅलो? कोण बोलतंय? काहीच ऐकू येत नाहीये.” मग फोन बाजूला धरून तो कोणाला तरी म्हणाला, “भिंगरे, तुझ्याच नंबरवरून फोन येतोय बघ मला. तुझा फोन कुठेय?”

आणि पलीकडून… भिंगरीनं तो आवाज ऐकला.

“खिशात आहे रे… उचक्… सगळं ठीक आहे.”

फोन बंद पडला.

भिंगरी फळीवर चढली. जाळीला तोंड लावलं. रस्त्यावर ऊन. उन्हात पाय. दादाचे जाड तळव्याचे बूट. वहिनीचे निळे. डब्याच्या फटफट वाजणाऱ्या चपला. नकाशाचे पाय, आधी चुकीच्या दिशेला, मग परत.

आणि सगळ्यांत मागे…

भिंगरीचे बूट. एकाची नाडी पिवळी, एकाची काळी. तिनंच तशी घातलेली, मजा म्हणून.

बुटांतून पाणी ठिबकत होतं.

“दादा!” ती ओरडली. “वहिनी! ती मी नाही! मागे बघा, ती मी नाही!”

जाळीपासून हातभर अंतरावर सगळे थांबले. वहिनी म्हणाली, “आले ना पाचही? चला.”

दादा, वहिनी, डबा, नकाशा एकेक करून पुढे गेले.

तेवढे शेवटचे बूट थांबले. सावकाश जाळीकडे वळले. बुटांची टोकं तिच्या तोंडासमोर. कोणी खाली वाकलं नाही. कोणी काही बोललं नाही. नुसते थांबून राहिले.

मग तेही निघून गेले.

चार वाजता झाडणाऱ्या बाईनं कडी काढली आणि ती किंचाळलीच. “तू? तू तर गेलीस! वहीत सही करून गेलीस!”

वहीत सही होती. भिंगरीचीच, शेवटच्या अक्षराला गिरकी घेतलेली. कागद तिथे ओला होऊन फुगला होता.

पुढचं ऐकाल तर माझी कीव करू नका, तिची करा. पासपोर्ट नाही, सॅक नाही, पायांत बूट नाहीत. आपल्या वकिलातीच्या कचेरीत गेली तर खिडकीतल्या साहेबानं यंत्रात पाहून सांगितलं, या नावाची मुलगी मंगळवारीच देश सोडून गेली. तुम्ही कोण?

ती कोण!

झाडणाऱ्या बाईला तेवढी दया आली. चादरी बदलायचं काम दिलं, निजायला जागा दिली. भिंगरीनं फोन चार्ज करून घरी लावला. माझ्या बहिणीनं उचलला. “हॅलो? कोण? आवाज येत नाही.” रोज लावला. रोज तेच. तिकडच्या माणसांना तिचा आवाज ऐकू जातो, आमच्या घरात मात्र नाही. मग तिनं मेसेज केला, ‘आई, घरात आहे ती मी नाही.’ उत्तर आलं, ‘स्वयंपाकघरातून हाक मार की! मेसेज कसले करतेस? मटार सोलून झाले का?’

वाचलं आणि ती रडत बसली. भिंगरी. एका जागी.

आता तुम्ही विचाराल, मग हे सगळं तुला कोणी सांगितलं?

सांगतो. घरात मी एकटाच बहिरा, हे तुम्हाला माहीतच आहे. समोरच्याचं बोलणं मी ओठांवरूनच ओळखतो, कानात हे ऐकायचं यंत्र असतं ते सवयीनं. एका दुपारी तीन वाजता फोन वाजला. बहिणीनं उचलला, “आवाज येत नाही” म्हणून माझ्या हातात दिला. मी तो यंत्राला लावला.

आणि यंत्रातून स्वच्छ ऐकू आलं.

“मामा… मी अजून पोचले नाहीये. आईला सांग ना… मी पोचले नाहीये.”

उचकी नाही. एकदाही नाही.

त्यानंतर रोज तीन वाजता. हे बूट, ती वही, ती जाळी, सगळं तिनंच सांगितलं. मी बहिणीला सांगायला गेलो. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. म्हणाली, “पोरगी दारात उभी राहिली तेव्हा माझ्या जीवात जीव आला. आता तू नको काही काढूस.” एकदा पोचलं, की पुढे प्रश्न नाही.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, मामा, तुझ्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकतोय.

हीच तर माझी शिक्षा. जन्मभर थापा मारल्या आणि आता एक खरी गोष्ट सांगतोय, तर…

हळू बोला. ती आत चहा करतेय. दिसायला भिंगरीच. वागायला भिंगरीहून गुणी, तासन् तास एका जागी बसते. बाहेर दाराशी तिचे बूट आहेत, येताना पाहिलेत का? एक नाडी पिवळी, एक काळी. तिला येऊन चार महिने झाले. रोज उन्हात ठेवतो आम्ही.

अजून वाळले नाहीत.

आता पावणेतीन झालेत. पंधरा मिनिटं थांबा. फोन वाजेल. यंत्र मी तुमच्या कानाला लावतो, तुम्हीच ऐका. मग तरी…

“मामा!” चहाचा ट्रे घेऊन दारात भाची उभी होती. हसत होती. “पुरे झाल्या थापा. धडधडीत खोटं बोलतोस पाहुण्यांसमोर! त्या यंत्रातून तुला ऐकू येईलच कसं? त्यातले सेल तर मी आले त्याच दिवशी काढून ठेवलेत… उचक्… सगळं ठीक आहे. काळजी करू नकोस.”