पेटीबुवा करूळच्या घाटात अडले

या, जरा पुढे सरका. मागे खांबाला टेकून बसलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट झोपेत ऐकण्यासारखी नाही. एका गाडीतल्या पेटीची गोष्ट आहे. फार जुनी नाही, किंबहुना अजून घडायचीच आहे. दहा-बारा वर्षं पुढची समजा. तेव्हाही मागच्या सीटवर पोरं भांडणार, उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवणार आणि घाटात कुणाला तरी मळमळणारच. फरक एवढाच, की गाडीत आता गाणी कमी आणि गोष्टी जास्त वाजतील.

तर, दत्तजयंतीची सकाळ. अनघा खांबेटे कोल्हापूरहून गाडी घेऊन निघाली होती. शेजारी तिचे वडील श्रीधरबुवा, मागे तिची मुलं, दहा वर्षांची ऋजुता आणि सहा वर्षांचा अद्वय. जायचं होतं घाटाखाली, खैरवड्याच्या दत्तमंदिरात. आणि गाडीच्या पुढच्या फळीवर, जेवणाच्या डब्याएवढं ते यंत्र बोलत होतं.

त्याचं कागदोपत्री नाव वाटनिरूपक. समोरचा रस्ता बघायचा, आपण कुठे आहोत ते ओळखायचं आणि तिथल्या मातीची, झाडांची, पाण्याची गोष्ट जागच्या जागी रचून मुलांना सांगायची, हे त्याचं काम. कळे गावाजवळ गुऱ्हाळाचा धूर दिसला, तर रसाची काकवी कशी होते आणि काकवीचा गूळ कसा, हे ते सांगणार. मुलं कंटाळली की त्याला कळे, कारण ते मुलांचा हुंकार ऐकत असे. बाकीच्या घरांतली यंत्रं नटनट्यांच्या आवाजात बोलत. या घरातलं बोलायचं ते श्रीधरबुवांच्या आवाजात. म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं पेटीबुवा.

अनघा ध्वनियंत्रांच्या कारखान्यात कामाला होती. दोन वर्षांपूर्वी तिने वडिलांच्या चाळीस वर्षांच्या कीर्तनांच्या कॅसेटी गोळा केल्या, त्या चारशे तासांच्या भरल्या, आणि त्यांतून बुवांचा स्वरठसा काढून यंत्रात घातला. स्वरठसा म्हणजे नुसता आवाज नव्हे. कुठे थांबायचं, कुठे चढायचं, डुलक्या घेणाऱ्याला चिमटा कसा काढायचा, सगळंच. तेव्हा बुवा हसून म्हणाले होते, "म्हणजे मी गेल्यावरसुद्धा पोरांना झोपू देणार नाही म्हणा की."

ते गेले नाहीत, पण त्यांचं बोलणं गेलं. चौदा महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय सावरले, समज शाबूत राहिली, शब्द मात्र परतले नाहीत. डॉक्टरांनी समजावलं होतं की बोलण्याचं ठाणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, पण गाण्याचा बराच भार उजवी बाजू उचलते, तेव्हा गाण्यातून बोलणं परत येऊ शकतं. त्या उपचारासाठी एक मुलगी रोज यायची आणि "पाणी हवं" हे शब्द चालीवर म्हणून दाखवायची. बुवा भिंतीकडे तोंड करून बसायचे. ज्याने जन्मभर देवापुढे गायलं, तो पेलाभर पाण्यासाठी काय गाणार? महिन्याभराने त्या मुलीनेच हात टेकले.

खैरवड्याला दत्तजन्माचं कीर्तन बुवांचं. एक्केचाळीस वर्षं सलग. मागच्या वर्षी ते अंथरुणावर होते, तेव्हा तिथली कीर्तनकाराची गादी रिकामी राहिली आणि गावाला ते फार लागलं. यंदा उत्सव समितीच्या बापू राण्यांनी फोन करून विचारलं, की बुवांचा आवाज जर पेटीत आहे तर पेटीलाच उभं करूया का? अनघाने वडिलांना विचारलं होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्या बघण्याचा अर्थ तिने 'हो' असा घेतला, बापूंना होकार कळवला, आणि तेव्हापासून एकच प्रश्न तिच्या मनात घोळत होता. अण्णांना, म्हणजे वडिलांना, ते खरंच हवं होतं का? आता हे कुणाला आणि कसं कळणार?

गगनबावड्याच्या अलीकडे गुऱ्हाळावर गाडी थांबली. अद्वयने गरम काकवी इतकी चापली की ऋजुताने त्याला गाडीत ओकलास तर चालत यायचं, अशी तंबी दिली. मग गोष्टीतल्या प्रश्नाचं उत्तर आधी कोण देतो यावरून दोघांचं जुंपलं. तिने त्याला काकवीचं मडकं म्हटलं, त्याने तिला शाळेची घंटा म्हटलं, आणि घाट सुरू होईपर्यंत दोघांनी दोन खिडक्या धरून मौन धरलं.

पेटीबुवा मात्र रंगात होते. "बाळांनो, हा डोंगर म्हणजे पोळ्यांची चवड आहे हो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली आणि आतून विस्तवाचा रस वाहिला. निवला, त्याची झाली एक पोळी. मग दुसरा लोट, दुसरी पोळी. बघा त्या कड्याकडे, थर मोजा. वर जांभा दिसतो ना तांबडा? तो म्हणजे याच काळ्या दगडाचा, लाखो पावसाळे खाऊन झालेला भाजका पापुद्रा." आणि मग चाल धरून:

आग ओतली कोणी, आग निवविली कोणी,
डोंगर रचिला कोणी?

इथे पेटीबुवा थांबले.

ही बुवांची रीत होती. पदाचा शेवटचा शब्द ते कधी स्वतः म्हणत नसत, तो श्रोत्यांचा. सम श्रोत्यांनी भरायची. श्रोते आळसावले तर बुवा झांज खाली करून उभे राहत. एकदा एका गावात डुलकी घेणाऱ्या सरपंचांसाठी पाव तास उभे राहिले होते म्हणतात. कॅसेटींमधून यंत्र हे शिकलं होतं. प्रत्येक कॅसेटमध्ये त्या रिकाम्या जागेत आधी एक बाईचा आवाज येई, अर्धी मात्रा लवकर, आणि मग त्याच्यामागे सगळा मांडव. तो आवाज अनघाच्या आईचा, द्वारकाबाईंचा. त्या तीन वर्षांपूर्वी वारल्या. प्रत्येक कीर्तनाला डाव्या खांबाशी बसायच्या, आणि लोक लाजू नयेत म्हणून मुद्दाम आधी म्हणायच्या.

गाडीत एरवी पोरं ती सम भरत. आज दोघंही गप्प. आधी बोलेल तो हरला.

पेटीबुवांनी ओळ पुन्हा म्हटली. डोंगर रचिला कोणी? थांबले. पेटीवरचा वाट पाहण्याचा निळा दिवा लागला. समोरून खडीचा ट्रक वळणावर येत होता, अनघाचं लक्ष तिकडे. पोरांवर ओरडावं असं तिच्या मनात होतं, पण तिने स्टिअरिंग धरून ठेवलं. श्रीधरबुवांचं बोट दारावर ताल धरत होतं, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

तिसऱ्यांदा ओळ आली. डोंगर रचिला कोणी?

"नारायणे."

अनघाला वाटलं, कंटाळून पेटीनेच म्हटलं. आवाज तोच होता. पण निळा दिवा तसाच लागलेला. ट्रक बाजूने निघून गेला आणि मग तिने शेजारी पाहिलं. अण्णांचे ओठ अजून उघडे होते. जणू कुणीतरी त्यांच्या तोंडून काहीतरी काढून घेतलं होतं आणि ते त्याच्याकडे बघत होते.

पेटीबुवांना मात्र काही पत्ताच नाही. त्यांनी बुवांच्याच आवाजात बुवांनाच टोमणा मारला. "काय मंडळी, जेवून आलात की नाही? डोंगर रचिला कोणी?"

"नारायणे," बुवा म्हणाले, म्हणजे गायले. या वेळी मोठ्याने.

निळा दिवा तसाच.

"मला वाटलं गावात माणसं आहेत. ही तर दगडांची चवड दिसते. डोंगर रचिला कोणी?"

बुवांच्या कपाळाची शीर फुगली. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना छळलं होतं, आता फिटांफिट होत होती. त्यांनी दारावर थाप मारली आणि मांडवाच्या टोकापर्यंत जाईल असा आवाज लावला, "नारायणे". मागे अद्वय मौन विसरून खो खो हसायला लागला. ऋजुता आधी आजोबांकडे बघत राहिली, मग तिला रडू आलं, मग तीही हसायला लागली, आणि पुढच्या खेपेला तिघांनी एकदमच सम भरली. तेव्हा कुठे दिवा हिरवा झाला आणि पेटीबुवा समाधानाने म्हणाले, "असं हवं. आता पुढे ऐका."

पुढचं कुणी ऐकलं नाही. अनघाने कठड्याशी रुंद जागा पाहून गाडी लावली आणि पेटी बंद केली.

खाली सगळं कोकण पसरलं होतं. कठड्यावर दोन माकडं बसली होती, अद्वय त्यांना गुळाची वडी दाखवून चिडवत होता. ऋजुताने विचारलं, की पेटीला आमचं ऐकू येतं, मग आजोबांचं का नाही आलं?

अनघाला स्वतःलाच ते आता उमगत होतं. ती म्हणाली, "पेटी बोलते तेव्हा तिचा आवाज तिच्याच कानात शिरतो ना? मग ती गोंधळेल. म्हणून तिच्या कानाला मी एक चाळण बसवलीय. तिचा स्वतःचा आवाज त्यात अडकतो, बाकीच्यांचा आत जातो."

"म्हणजे आजोबा बोलले, तर तिला वाटतं तीच बोलली?"

अनघाने मान डोलावली. ती वडिलांसमोर उकिडवी बसली. नुसतं विचारून भागणार नाही हे तिला कळलं होतं, म्हणून तिने त्याच चालीवर, लहानपणी झांज धरायला बसायची तसं, हळू आवाजात म्हटलं:

"आज खैरवड्याला, अण्णा, गादीवर उभं कोणी?"

बुवांनी खाली दिसणाऱ्या माडांकडे पाहिलं. बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. मग त्याच चालीत, एकेक शब्द उचलून ठेवत, त्यांनी सम भरली.

"उभा... राहीन... मी."

खैरवड्याला बापू राण्यांनी तयारी चोख केली होती. गादीवर पाट, पाटावर भरजरी वस्त्र, पेटीसाठी. बाजूला बुवांसाठी खुर्ची. बुवा आले तशी ते पुढे होऊन म्हणाले, "बुवानू, तुमी बसा. उभ्यान पेटी बोलतली."

बुवांनी पाट स्वतः उचलला आणि डाव्या खांबाशी नेऊन ठेवला. द्वारकाबाईंच्या जागी. पेटी तिथे बसवली. मग उपरणं सारखं केलं, झांजा घेतल्या आणि गादीवर जाऊन उभे राहिले. वयाने मोठे असलेले बापूसुद्धा त्या जागेला वाकले. नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्याला सगळेच वाकतात.

त्या संध्याकाळचं कीर्तन असं झालं, की निरूपण खांबाशी बसलेल्या पेटीने केलं आणि पदं गादीवरच्या बुवांनी गायली. साध्या वाक्याचे तीन शब्दही बुवांना जुळवता येत नव्हते, पण पदं घशातून अशी निघत होती जणू कुठे गेलीच नव्हती. आणि गंमत अशी, की बुवांनी सम भरली तरी पेटीचा दिवा निळाच. तिला बुवा ऐकूच येत नव्हते. गावाने म्हटलं तरच गोष्ट पुढे जाणार. मग काय, पोरंसोरं, बाया, खुद्द बापू, सगळे घसा ताणायला लागले. मागच्या रांगेतला एक डुलक्या घेणारा मास्तर पेटीने नाव न घेता असा काही झोडपला, की तोही उठून गायला लागला. सूर्य माडांआड गेला त्या क्षणी पाळण्याची दोरी ओढली गेली, आणि लोक सांगतात की इतका मोठा जयघोष त्या देवळात कधी झाला नव्हता.

प्रसाद वाटताना ऋजुता आईजवळ आली. म्हणाली, की तू पेटीची चाळण काढून टाक ना, म्हणजे तिला आजोबा ऐकू येतील. अनघाने खिशातला पेचकस काढला. काम पाच मिनिटांचं होतं. चाळण काढली तर पेटी थोडी गोंधळेल, पण तिला आजोबा ऐकू येतील, आणि मग कदाचित तिला दुसऱ्या कुणाची गरजच उरणार नाही. नाही काढली, तर ती जन्मभर थांबत राहील, आणि कुणाला ना कुणाला गावंच लागेल.

"काढू का?" तिने विचारलं. मुलीला विचारलं की स्वतःला, कोण जाणे. पेचकस हातात तसाच राहिला.

तुम्ही असता तर काय केलं असतं? सावकाश विचार करा, घाई नाही. आणि जाता जाता एक मागणं आहे. बुवांना सगळे आठवतील, पेटीलाही. तुम्ही त्या डाव्या खांबाशी बसणाऱ्या द्वारकाबाईंची आठवण ठेवा. पुढच्या वेळी कुठे गाणं चाललं असेल, सम रिकामी राहिली असेल आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतील, तेव्हा त्यांच्यासाठी तुम्ही अर्धी मात्रा लवकर म्हणा.