चौघांचं एकमत

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण बनवून सांगितली असं म्हणू नका. माया माझी चुलतबहीण, अकोल्याची. हे तिच्यासोबत घडलं.

साल २०१८. एप्रिलमधला शुक्रवार. रात्र-बित्र नव्हती, दुपारचे चार वाजले होते.

भातकुली रोडवर तुरीचं एक गोदाम होतं. त्या वर्षी तुरीचा भाव पार मातीत गेला होता आणि गोदामं छतापर्यंत भरली होती. या गोदामात माणसं कमी, यंत्रं जास्त. संगणकात चार प्रोग्राम होते. हमालांनी त्यांना नावं दिली होती... डोळा, कान, नाक आणि काटा. डोळा कॅमेऱ्यातून बघायचा. कान ऐकायचा. नाक हवा तपासायचं. काटा फरशीवरचं वजन घ्यायचा. चौघं आपसांत सल्लामसलत करायचे आणि ती पडद्यावर मराठीत उमटायची. एकमत झालं की काम आपोआप व्हायचं.

माया त्यांची ऑपरेटर. त्या दिवशी ती साडेतीनलाच अकोल्याची बस धरायला निघून गेली होती.

आत कीड मारायच्या विषारी गोळ्या ठेवल्या होत्या. आता सात दिवस शटर बंद. भोंग्यातून प्रश्न गेला...

"आत कोणी आहे का?"

झाडणारी सुंदराबाई पोत्यांच्या थप्पीमागे होती. तिनं ओ दिली.

"निघून राहिली नं बाप्पा!"

आपल्या वऱ्हाडात शेंबडं पोरही सांगेल, निघून राहिली म्हणजे निघतेच आहे, जरा थांबा. पण कान शिकला होता पुस्तकी मराठी. त्याला तेवढं 'निघून' कळलं.

कान: बाई निघून गेली.

डोळा: थप्पीमागे दिसत नाही. कान म्हणतो तर गेलीच असेल.

नाक: मान्य.

काटा: अठ्ठेचाळीस किलो जास्त आहेत.

काट्यानं पुन्हा एकदा वजन घेतलं...

काटा: तिघं म्हणतात म्हणजे माझंच चुकलं. मान्य.

शटर खाली आलं.

सुंदराबाई धारणीला लेकीकडे जाणार होती, म्हणून कोणी शोधलंही नाही. सात दिवसांनी शटर उघडलं...

आधी वास आला.

लसूण आणि सडकी मासळी. त्याच्या खाली आणखी एक गोडसर वास. एक हमाल उभ्या जागी ओकला. शटरच्या खाचेत एक नख अडकलेलं होतं.

पण खरी किळस पुढे आहे. पोलीस गेल्यावर मॅनेजर स्वप्निल सरांनी तीच तूर उन्हात वाळवली, नव्या पोत्यांत भरली आणि डाळ मिलला पाठवली. "एवढा माल फेकायचा का?" म्हणाले. थू! कोणाच्या तरी ताटात ते वरण गेलंच असेल. माया अजून वरणाला हात लावत नाही.

चौकशीत कोणाचीच चूक निघाली नाही. चौघांचं एकमत होतं ना!

जूनमध्ये पुन्हा गोळ्या ठेवल्या.

"सर, मी सोता आत जाऊन पाहतो. तोवर बंद होऊ देऊ नका," माया म्हणाली.

"मॅडम, सिस्टीम आहे ना त्यासाठी."

"सिस्टीमले वऱ्हाडी येत नाही, सर."

नाकाला ओढणी बांधून ती आत गेली. थप्पीमागे कोणीच नव्हतं.

तेवढ्यात भोंगा वाजला.

"आत कोणी आहे का?"

"आहे! मी माया. मी आत आहे!" ती ओरडली. पुस्तकी मराठीत, एकेक शब्द सुटा करून.

ती शटरकडे वळली.

आणि मग अगदी तिच्या कानाशी...

"निघून राहिली नं बाप्पा..."

त्या आवाजाबरोबर तो गोडसर वास थेट तिच्या तोंडात शिरला.

शटर खाली यायला लागलं.

माया धावली. शटर कमरेपर्यंत आलं होतं. मग गुडघ्यापर्यंत. ती पोटावर घसरत बाहेर आली. सर पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते. पडद्यावर लिहिलं होतं... बाई निघून गेली. मान्य. मान्य. मान्य.

तिनं चौघांच्या बोलण्याची एप्रिलची नोंद उघडली. चौकशीवाल्यांनी ती शटर पडेपर्यंतच वाचली होती. माया पुढे वाचत गेली...

कान: शटरवर आतून हात मारल्याचा आवाज.

डोळा: आत कोणी नाही असं ठरलं आहे.

काटा: अठ्ठेचाळीस किलो शटरपाशी आले आहेत.

नाक: एकमत मोडायचं का? ऑपरेटरला विचारू.

खाली ऑपरेटरचं उत्तर होतं. वेळ चार वाजून बावीस मिनिटं.

'दुर्लक्ष करा.'

नाव मायाचं.

बसमध्ये फोन वाजला होता. असले संदेश दिवसाला चाळीस यायचे. तिनं न वाचताच अंगठा दाबला होता.

मायानं नोकरी सोडली. हे तिनं मला सांगितलं, पोलिसांना अजून नाही. तिच्या हातचं पाणी घेताना त्या दिवशी मलाच शिसारी आली. सख्ख्यासारखी बहीण, खोटं कशाला बोलू?

मी विचारलं, "आवाज सुंदराबाईचाच होता?"

"तिचाच," माया म्हणाली. "पण ते बाई मले बाहेर काढून राहिली होती, का आत कोंडून राहिली होती... हे मले अजून समजलं नाही."