ठसा जुळत नाही

डॉ. नलिनी खरवंडीकरांनी नाशिकच्या आपल्या खोलीत दोन्ही हात धातूच्या हातमोज्यांत सरकवले. दोनशे किलोमीटरवर, सातपुड्यातल्या सावरदऱ्याच्या दवाखान्यात यंत्राचे दोन हात आता उठायला हवे होते. ते हलले नाहीत. समोरचा पडदा लाल झाला.

‘सावधान! पलीकडच्या यंत्राची ओळख बदलली आहे. मध्ये कोणीतरी असू शकतं.’

टेबलावर वनिता पाडवी होती. झाडावरून पडून तिची प्लीहा फुटली होती, पोटात रक्त साचत होतं. भूल देऊन झाली होती.

“अस्मा, ‘होय’ दाब आणि मोकळी हो,” डॉक्टर म्हणाल्या.

अस्मा तांबोळी जोडणीचं काम बघायची. तिने बोट मागे घेतलं. “नाही मॅडम. प्रत्येक यंत्राची स्वतःची किल्ली असते. तिचा ठसा, म्हणजे तिची खूण असलेली अक्षरांची ओळ, आपल्याकडे नोंदवलेला असतो, आणि आज आलेला ठसा त्याच्याशी जुळत नाही. पलीकडे आपलंच यंत्र आहे की दुसरं कोणी, हे मला कळत नाही.”

“ती बाई मरेल!”

“दोन मिनिटं द्या.”

तिने साध्या फोनवरून सावरदऱ्याच्या तंत्रज्ञाला, रूपसिंग पावराला गाठलं. सकाळी घाटात दरड कोसळून केबल तुटली होती, म्हणून आजची जोडणी उपग्रहावरून होती.

“रूपसिंगदादा, यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावरचा ठसा वाचा. एकेक अक्षर.”

“के... सात... एम... थांबा, रक्तदाब उतरतोय म्हणतात इथे.”

“वाचत राहा!”

एकेक अक्षर येत होतं आणि अस्माचं बोट पडद्यावर सरकत होतं. शेवटचं अक्षर आलं. आज आलेला ठसा रूपसिंगने वाचलेल्याशी तंतोतंत जुळला. म्हणजे पलीकडे खरंच सावरदऱ्याचं यंत्र होतं. अस्मा क्षणभर थबकली, मग तिने ‘होय’ दाबलं.

शस्त्रक्रिया जड गेली. सुईचं टोक सारखं थरथरत होतं. एक टाका दोनदा घालावा लागला. उपग्रहामुळे होत असेल, असं डॉक्टरांनी मनाला समजावलं. दीड तासाने रूपसिंग म्हणाला, “वाचली मॅडम. नाडी लागतेय चांगली.”

डॉक्टर खुर्चीत कोसळल्याच. अस्मा मात्र उभीच होती.

“दादा, यंत्र कधी बदललं?” तिने फोनवर विचारलं.

“बदललं? नऊ महिन्यांपूर्वी बसवलं तेव्हापासून हेच आहे. ठसा मागच्या पट्टीवरही कोरलाय. जो वाचला तोच.”

डॉक्टरांना समजायला वेळ लागला.

“आजचा ठसा खरा,” अस्मा हळूच म्हणाली. “मग आपल्याकडे नोंदवलेला कोणाचा होता? पहिल्या दिवशी पडद्याने ‘हा ठसा बरोबर आहे का?’ असं विचारलं तेव्हा आपण पडताळलं नाही.”

डॉक्टरांना आठवलं, त्या दिवशी घाईने ‘होय’ त्यांनीच दाबलं होतं. त्यानंतर केबलवरून एक्केचाळीस शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यांचा प्रत्येक इशारा केबलवर मध्ये बसलेल्या कोणाच्या तरी हातून पुढे गेला होता; आज उपग्रहामुळे तो पहिल्यांदाच वगळला गेला होता.

अस्माने रूपसिंगकडून त्या शस्त्रक्रियांत यंत्राने केलेल्या हालचालींची नोंद मागवली आणि इथून पाठवलेल्या इशाऱ्यांशेजारी लावली. दोन रेषा. वरची डॉक्टरांच्या हातांची होती. तिच्यात बारीक थरथर होती, महिन्यागणिक वाढत गेलेली. खालची यंत्राची, दोरी ताणल्यासारखी सरळ. एका ठिकाणी वरची रेषा धमनीच्या दिशेने वळली होती. खालची तिथे थांबली होती.

“तो रोगी?” डॉक्टरांनी विचारलं.

“तिसऱ्या दिवशी घरी गेला.”

डॉक्टरांनी हातमोजे काढले. एक्केचाळीस माणसं जगली होती, आणि त्यांतली किती आपण वाचवली हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, “मला इथून पुढे शस्त्रक्रियेला हात लावायचा नाही. सरकारला आजच कळव. आणि अस्मा... केबल जोडली की त्या मधल्याला विचारता येईल का, तू कोण म्हणून?”

“विचारता येईल मॅडम,” अस्मा म्हणाली. “पण उत्तर आलं, तर ते त्याचंच आहे हे कोणाला फोन करून पडताळायचं?”