सात नंबरची मागची सीट

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात कवळी होती. पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली, वरची आणि खालची, दोन्ही.

त्यानं ती काउंटरवर ठेवली, रुमालाची टोकं हळूच सोडवली आणि म्हणाला, "मॅडम, हसू नका. ही आधीच हसतेय."

ती हसली नाही. बस डेपोच्या हरवले-सापडले खात्यात चार वर्षं काढलेली मुलगी सहजासहजी हसत नाही. तिनं नोंदवही पुढे ओढली. "बस?"

"सात नंबर. मी कंडक्टर, कालच रुजू झालोय."

"कुठे सापडली?"

"पुढून तिसरी सीट. एक आजोबा होते. शेजारच्या आजींशी नवीन ओळख झाली असावी, फार जपून बोलत होते. कवळी टोचत असणार. शिंकायच्या निमित्तानं रुमालात काढली, आणि मग उतरेपर्यंत नुसती मान हलवत ऐकत राहिले. उतरताना आजींना हात द्यायच्या गडबडीत—"

"वस्तू सांगा. माणूस नको."

"बरं. दात. अठ्ठावीस."

ती वहीवर वाकली. पेन नीट उमटत नाहीये असं दाखवत तिनं बराच वेळ मान वर केली नाही.

डेपोत तिला शिक्केबाई म्हणत. वय सत्तावीस, पण प्रत्येक कागदावर शिक्का मारल्याशिवाय तो टेबलावरून हलू द्यायची नाही, म्हणून बाई. तिच्या खोलीत भिंतभर लोखंडी रॅक होते. छत्र्या, चष्मे, डबे, एकेकटे बूट, एक व्हायोलिन. प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. दर सोमवारी ती मालक न आलेल्या सगळ्या वस्तूंची यादी डेपोच्या फाटकावर लावायची. यादीत फक्त वस्तू आणि रंग. वस्तूची खूण मात्र वहीत राहायची, ती बाहेर सांगायची नाही. मागायला येणाऱ्यानं स्वतःहून खूण सांगितली, कुठे चढलो, कुठे बसलो ते सांगितलं, की वस्तू त्याची. आणून देणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नसे. त्यानं सांगायचं, सही करायची आणि जायचं. चार वर्षांत या व्यवस्थेत तिला काही खोट दिसली नव्हती.

कवळीचे आजोबा दुसऱ्याच दिवशी आले. बरोबर आजी होत्या.

"तर मग बरोबर होतं माझं," सात नंबरवाला म्हणाला. तो मुद्दाम विचारायला आला होता. "चेहरे कसे होते दोघांचे?"

"मी वस्तू देते. चेहरे बघत नाही."

"खरंच?" त्यानं काउंटरवर कोपर टेकलं. "मी तर दिवसभर तेच करतो. तिकीट काय, हात आपोआप फाडतो."

त्यानंतर तो अधूनमधून येत राहिला. एक चष्मा, एक किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येक वस्तूमागे एक माणूस घेऊन यायचा— पत्ता विचारून विचारून शेवटी भलत्याच स्टॉपला उतरलेला, किंवा भांडण झालेलं नवराबायकोचं जोडपं, वेगवेगळ्या सीटवर बसलेलं, पण दोघांचं तिकीट नवऱ्यानंच काढलेलं. ती दर वेळी म्हणायची, "वस्तू सांगा." तो दर वेळी माणूस सांगायचा. आणि तो गेल्यावर खोलीतला पंखा जरा जास्तच आवाज करतोय असं तिला वाटायचं.

मग गुरुवार सुरू झाले.

गुरुवारी त्याची पाळी दुपारी बाराला संपायची. पहिल्या गुरुवारी त्यानं लांब दांड्याची हिरवी छत्री आणली. "मागची सीट, खिडकीजवळ. कुणा बाईंची असावी."

दुसऱ्या गुरुवारी मोहरीच्या रंगाचा स्कार्फ. मागची सीट.

"परत मागची?" तिनं विचारलं. "त्याच बाई का?"

"असतील..."

"दिसायला कशा होत्या?"

हे आपण विचारलं यावर तिचाच विश्वास बसेना. त्याचाही बसला नसावा, कारण त्याच्या भुवया वर गेल्या. "मॅडम, आज माणूस चालेल?"

"नोंदीसाठी विचारतेय."

"बऱ्या होत्या. म्हणजे... छान. खिडकीबाहेर बघत होत्या. स्वतःशीच हसल्यासारख्या."

तिनं स्कार्फच्या चिठ्ठीची गाठ इतकी घट्ट मारली की दोरा तुटला.

तिसऱ्या गुरुवारी पुस्तक. चौथ्या गुरुवारी डाव्या हाताचा एक लोकरी मोजा.

"विसरभोळी आहे तुमची प्रवासी," ती म्हणाली.

"माझी?"

"तुमच्या बसची म्हणतेय मी."

"हां. बसची." तो हसला. "काल तर तिकीट घ्यायलाच विसरल्या. मी आठवण केली तेव्हा इतक्या दचकल्या की पर्समधला आरसा पडला. मी उचलून दिला."

"आरसा नाही विसरली ते नशीब."

"तुम्ही चिडलात का?"

"मी कशाला चिडू? एका माणसाच्या नावावर महिन्यात चार वस्तू. काम वाढतं माझं."

पण चिडली होती. चांगलीच जळत होती. ज्या बाईला तिनं कधी पाहिलं नव्हतं तिचा एकेक अवयव तिनं रॅकवरच्या वस्तूंवरून जुळवला होता. छत्री लांब, म्हणजे बाई उंच. स्कार्फला मंद सुगंध, म्हणजे नीटनेटकी. मोज्यावरून बोटं लांबसडक. पुस्तक तिनं जेवणाच्या सुट्टीत खूण शोधायला म्हणून उघडलं आणि दोन दिवसांत वाचून संपवलं. त्यात पेन्सिलीनं काही ओळी अधोरेखित केलेल्या होत्या. एक होती : ‘मला एकटं राहायला आवडतं, पण कुणाच्या तरी शेजारी.’ ती ओळ वाचून तिला फार राग आला. पेन्सिल तिच्या हातात असती तर तिनंही नेमकी तीच ओळ निवडली असती.

सोमवारी फाटकावर यादी लागली. दुपारी स्टोअरकीपर मामा चहा घेऊन आले. सगळा डेपो त्यांना मामाच म्हणायचा आणि शिक्केबाईच्या सुट्टीच्या अर्जांवर सही त्यांचीच लागायची.

"काय गं, तुझ्या यादीत विशेषणं कधीपासून यायला लागली?"

"कुठली?"

"‘छत्री, हिरवी, जुनाट.’ ‘स्कार्फ, पिवळा, भडक.’" मामांनी चष्मा वर सरकवला. "गेल्या चार वर्षांत तू कशाला साधं ‘चांगलं’ म्हटलं नाहीस."

तिनं ड्रॉवरमधून एक कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. मुख्य कार्यालयात बदलीचा अर्ज. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पासच्या विभागात, जिथे कुणी काही हरवत नाही आणि कुणी काही आणून देत नाही.

मामांनी अर्ज दोनदा वाचला. "कारण ‘वैयक्तिक’ लिहिलंयस."

"हो."

"सात नंबर हे वैयक्तिक कारण आहे होय?"

"मामा, सही करायची तर करा."

"शुक्रवारी करतो. तोवर ठेव तुझ्याकडेच." ते उठले. "आणि चहा पी. निवतोय."

तिनं मनाशी ठरवलं होतं. एक ना एक दिवस ती बाई आपल्या वस्तू मागायला येणार. चारही वस्तू तिच्या हातात द्यायच्या, शिक्का मारायचा, आणि मग तो गुरुवारी तिच्याविषयी काय काय सांगेल ते ऐकायला या खुर्चीत बसायचं नाही.

ती बुधवारी आली.

उंच. बोटं लांबसडक. खांद्याला कापडी पिशवी, बाहीवर निळ्या रंगाचा डाग. आत आल्या आल्या तिनं फाटकाच्या दिशेनं हात केला. "ती यादी तुम्ही लिहिलीत? जुनाट? मागच्या वर्षी घेतलीये छत्री!"

शिक्केबाईनं शिक्का घट्ट धरला. आवाज मात्र तिनं सरळ ठेवला. "खूण?"

"एक काडी दोऱ्यानं बांधलीये. लाल दोऱ्यानं."

बरोबर.

"भडक स्कार्फ माझाच. टोकाला इस्त्रीनं जळलंय, तिथे रफू केलंय. पुस्तकात एक्केचाळिसाव्या पानावर पिंपळाचं पान. मोज्याच्या अंगठ्याला निळा रंग. मी शाळेत चित्रकला शिकवते, काय करणार." ती जरा वाकली. "खरं सांगू? मला वाटलं मला काहीतरी झालंय. महिन्यात चार वस्तू! आई म्हणाली, डॉक्टरला दाखव."

चारही खुणा बरोबर. देखणी होती, बोलकी होती, आणि आपली चूक सांगून मोकळी होणारी होती. अशा माणसाचा नीट रागही करता येईना. शिक्केबाईनं वही उघडली. आता फक्त शेवटचा रकाना.

"सात नंबरला कुठल्या स्टॉपवर चढता?"

"कुठल्याच नाही."

"म्हणजे?"

"मला बस लागते हो. दोन स्टॉप गेले की मळमळतं. मी सायकलनं जाते."

शिक्केबाईनं वहीकडे पाहिलं. सात नंबर, मागची सीट, गुरुवार. चार वेळा, एकाखाली एक.

चित्रकलेच्या बाईंनीही काउंटरवरून उलटं वाचलं. मग नोंदीखालच्या सहीवर बोट ठेवलं. "अहो... हे तर माझ्या दादाचं अक्षर!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"थांबा," बहीण सावकाश म्हणाली. "आमच्या घरी कुणी पाल्हाळ लावला की दादा म्हणतो, ‘वस्तू सांगा, माणूस नको.’ महिनाभर म्हणतोय. आता आईसुद्धा म्हणते. ते... तुम्ही?"

शिक्केबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं उगाचच शिक्का उचलला आणि कोऱ्या कागदावर मारला.

बहिणीनं स्कार्फ, पुस्तक आणि मोजा पिशवीत भरला. छत्री मात्र परत काउंटरवर ठेवली. "ही राहू दे. पुरावा म्हणून लागेल तुम्हाला. उद्या गुरुवार ना? मी घरी काही बोलत नाही. बघायलाच आले असते, पण शाळा आहे."

गुरुवारी बारा वाजून दहा मिनिटांनी तो आला. गणवेशाची वरची गुंडी सुटलेली, हातात सायकलची घंटी.

"मागची सीट," तो म्हणाला.

"बसमध्ये. सायकलची घंटी."

"लोक काय काय घेऊन फिरतात..."

"बसा," ती म्हणाली. "आज काही प्रश्न आहेत."

"मला? मी तर आणून देणारा."

"नियम बदललाय."

"कधी?"

"काल."

काल म्हटल्यावर त्याची नजर रॅककडे गेली. हिरवी छत्री एकटीच लटकत होती. तो सावकाश स्टुलावर बसला.

"बाई आल्या होत्या," ती म्हणाली. "उंच. त्यांना बस लागते."

"...लहानपणापासून," तो म्हणाला.

"चार खोट्या नोंदी. माझ्या वहीत! आज पाचवी करायला आलात. मी त्यांवर शिक्के मारलेत, कळतंय का? आणि घरी ती मुलगी स्वतःला विसरभोळी समजून डॉक्टरकडे निघाली होती."

"चुकलं." त्यानं घंटी दोन्ही हातांत धरली. "पण लोक हल्ली फार सांभाळून राहायला लागलेत हो. महिनाभर साधा रुमाल सापडला नाही. रिकाम्या हातानं इथे कसं यायचं? तुम्ही विचारणार, वस्तू कुठंय."

"म्हणून बहिणीची छत्री?"

"तिच्याकडे दोन आहेत."

ती हसणार होती, पण अजून मुख्य प्रश्न राहिला होता. तो विचारताना तिनं वहीची कड नखानं सरळ केली. "आणि ती खिडकीबाहेर बघून हसणारी? आरसा पडलेली? ती कोण?"

"कुणीच नाही."

"खोटं."

"खरंच कुणी नाही! मी पहिल्या दिवशी फक्त ‘कुणा बाईंची’ म्हणालो. तुम्ही विचारलंत, दिसायला कशी. तोवर एकदाही कुणाचा माणूस विचारला नव्हतात, मला वाटलं तुम्हाला आवडतंय. म्हणून दर गुरुवारी थोडी वाढवत गेलो." त्यानं घंटीवरची धूळ पुसली. "तुम्ही चिडताय असं वाटायला लागलं तेव्हा आरसा घातला."

"मुद्दाम?"

"...हो."

"का?"

"तुम्ही बाकी कशावरच चिडत नाही."

यादीची स्वतःकडची प्रत काढून तिनं ‘जुनाट’वर एक सरळ रेघ मारली, शेजारी आपली छोटी सही केली. मग ‘भडक’वर. खाडाखोड झाली की सही लागतेच.

तो ते बघत होता. एकदा यादीकडे, एकदा तिच्याकडे. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं त्याला वहीत रकाना नव्हता.

"छत्री जुनाट नव्हती..." तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"म्हणजे तुम्ही त्या बाईवर—"

"पुढे बोललात तर पाचव्या खोट्या नोंदीची तक्रार करीन."

"एक खरी नोंद करू का मग? हरवलेली वस्तू : माझं—"

"नाटकातलं काही लिहायचं नाही. नोंद रद्द होते."

"बरं." मग तो साध्या आवाजात म्हणाला, "मी पुढच्या गुरुवारी काहीच न घेता आलो तर चालेल?"

तिनं ड्रॉवर उघडला. बदलीचा अर्ज नीट चार घड्या घालून काउंटरवर त्याच्यापुढे सरकवला. वर तिचं नाव होतं, खाली तिची सही, मामांच्या सहीची जागा कोरी. त्यानं उघडला, वाचला. ‘कारण : वैयक्तिक’ या ओळीवर त्याचा अंगठा थांबला.

"हा... कधी पाठवणार होतात?"

"उद्या." तिनं वही त्याच्याकडे फिरवली आणि पेन त्याच्या हातात दिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच ती वही काउंटरच्या त्या बाजूला गेली होती. "लिहा. कागद, एक. पांढरा."

"कुठे सापडला?"

"सात नंबर. मागची सीट."

त्यानं लिहिलं. "मालक कोण आहे याचा?"

"मागायला येणार नाही," ती म्हणाली आणि शिक्का मारला.