तीननंतरचं पाणी

अकरा वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं.

मी त्याचं उत्तर दिलं नाही.

पुढे लिहितो आहे ते सगळं घडलेलं आहे. असं म्हणताना माझाच हात अडखळतो. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलेला माणूस. वाचलेलं कोणतं आणि पाहिलेलं कोणतं, याची मलाच कधीकधी खात्री नसते. पण याची तारीख माझ्या लक्षात आहे. २१ मे १९७५, बुधवार. जागा, तुमसरहून सिहोऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावरचा वृद्धाश्रम.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

दुपारचे तीन वाजले होते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्या आश्रमात लिहिण्यावाचण्याच्या कामाला लागलो होतो. धानाचं जुनं गोदाम होतं ते. मधे भिंत घालून दोन खोल्या केल्या होत्या, एक बायांची, एक पुरुषांची. दोन्ही खोल्यांसमोर एकच पडवी. पडवीत एकच मोठा माठ. माझं टेबल त्या माठाजवळ.

त्याआधीच्या दिवाळीत पुरुषांच्या खोलीतल्या हिरालालच्या अंगावर सूज चढली. डॉक्टर म्हणाले, याला दुपारनंतर पाणी बेतानं द्या. व्यवस्थापक भैयाजी मला म्हणाले, "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं आहे. एक पाटी लिहून टाका. कामाची बाई विसरून जाते."

मी पाटी लिहून माठावरच्या भिंतीला लावली.

'दुपारी तीननंतर पाणी बेतानेच द्यावे.'

हिरालालचं नाव लिहिलं नाही. एखाद्याचा आजार असा भिंतीवर टांगणं मला बरं वाटलं नाही. एवढंच कारण होतं. आजही दुसरं सापडत नाही.

पंधरा दिवसांनी हिरालालची सूज उतरली. त्याचा मेहुणा येऊन त्याला घरी घेऊन गेला.

पाटी तिथेच राहिली.

महिनाभरात माझ्या लक्षात आलं, की तीन वाजले की बायांच्या खोलीतले सगळे गडवे, म्हणजे पाण्याचे तांबे, खिडकीत पालथे होतात. अकरा खाटा, अकरा गडवे. प्रत्येकीनं आपापल्या घरून आणलेला. ते थेट सकाळच्या चहाला सुलटे होत.

तिथं काम करणाऱ्या बेबीबाईला मी विचारलं.

"तुमीच त पाटी लावली जी. अन तुमीच विचारता?"

"ती हिरालालसाठी होती."

"मंग त्याचं नाव कोठी हाये पाटीवर? चवथी शिकली हावो मी, मले वाचता येते." ती हसली. "गुरुजी, रातच्या ओल्या चादरी कोन धुते? अकरा बुढ्या अन मी येकटी. तुमी पुस्तकं धुता का सकाळी उठून?"

ती खोटं बोलत नव्हती. खरंच ती एकटी होती.

पाटी काढायला हवी होती. माझ्या टेबलावरून हात पुरला असता.

हिवाळ्यात ट्रस्टचे लोक पाहणीला आले. बायांच्या खोलीत उभं राहून त्यांनी नाक वर करून वास घेतला. "वाह! जराही वास नाही. असा आश्रम जिल्ह्यात नसेल." खूश होऊन त्यांनी खोलीला छताचा पंखा दिला.

मग उन्हाळा आला.

सिहोऱ्याच्या केशरबाई दाराजवळच्या खाटेवर असत. मुलगा नव्हता. एकच मुलगी, रुखमिणी, तिकडे पवनीजवळ आसगावला दिलेली. सात मेला दुपारी चारच्या सुमारास केशरबाईंनी मला हाक मारली.

"गुरुजी... जरासक पानी देता का जी?"

"बेबीबाईंना सांगतो," मी दारातून म्हणालो. बायांच्या खोलीत मी कधी पाऊल टाकत नसे. मला ते जमत नसे.

"तुमीच द्या ना. तुमच्या हाताले का मेंदी लागली हाये?"

बाजूच्या खाटेवरची म्हातारी हसली. मीही हसलो. मग बेबीबाईला सांगायला गेलो. ती चादरींच्या घड्या करत होती.

"येकीले देलं का साऱ्याच मांगते," ती म्हणाली. "सकाळी चहा भेटनच हाये."

मी टेबलाशी परत आलो. पुस्तक उघडलं.

केशरबाईंनी हात लांब करून खिडकीतला गडवा घेतला असावा. खाटेच्या लोखंडावर तो आपटल्याचा आवाज येऊ लागला.

टण्...

टण्...

टण्...

मी पानं उलटत होतो. काय वाचत होतो ते आठवत नाही.

बऱ्याच वेळानं आवाज थांबला.

थांबला तेव्हा मला बरं वाटलं.

सकाळी बेबीबाई चहा घेऊन गेली आणि तशीच परत आली. केशरबाई गेल्या होत्या.

त्यांना सिहोऱ्याला नेलं. रुखमिणी एसटीनं दुपारी पोचली. आईचा गडवा तिनं मागून घेतला आणि सोबत नेला. हे नीट लक्षात ठेवा. गडवा आश्रमात नव्हता.

तेरा दिवस झाले.

त्या बुधवारी मी टेबलाशी बसलो होतो. बाहेर ऊन. झाडाचं पानही हलत नव्हतं. भैयाजींच्या खोलीतल्या घड्याळानं तीन ठोके दिले.

आणि मग...

टण्.

मी मान वर केली. बेबीबाई पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिनंही वर पाहिलं.

टण्... टण्...

आम्ही दोघं दारापाशी गेलो. दहा म्हाताऱ्या आपापल्या खाटांवर पडल्या होत्या. एकीच्याही हातात काही नव्हतं. दहाजणी जाग्या होत्या. दहाजणी एकाच बाजूला पाहत होत्या, दाराजवळच्या रिकाम्या खाटेकडे. आणि सगळ्यांच्या जिभा ओठांवरून फिरत होत्या.

आवाज थांबला.

मग मागून, पडवीतून, दुसरा आवाज आला...

घट्...

घट्...

घट्...

कोणीतरी पाणी पीत होतं. घाईनं. मधे श्वासही न घेता.

मी वळलो. पडवीत कोणी नव्हतं. माठावर झाकण होतं. बेबीबाईनं पुढे होऊन ते उचललं.

माठ कोरडा होता. आतून बोट फिरवलं तर बोटाला ओल लागेना.

"गुरुजी, मस्करी करता का?" तिचा आवाज बारीक झाला होता. "दोन वाजता मीच ओतलं न् पानी. दोन गुंड भरून ओतलं."

माठाखालची माती कोरडी होती.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही. बेबीबाई काम सोडून गेली. मी पाटी काढून टेबलाखाली ठेवली. नवीन बाई आली. तिला पाटीबद्दल कोणी सांगितलं नव्हतं. तरी आठवड्याभरात तीन वाजले की गडवे पालथे होऊ लागले. चादरी तिलाही धुवाव्या लागत होत्या.

आषाढात पत्र आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं होतं, पण बोलणं रुखमिणीचं होतं.

'गुरुजीले नमस्कार. मायचं आंग धुतलं तवा तिची जीभ लाकडासारखी होती जी. बेबीबाई मने का पोटभर पानी पेली. मले पटत नाही. लोक मले मनतात, आश्रमात टाकून माय मारली. तुमी शिकलेले हा, तुमी खोटं बोलनार नाही. मायच्या तोंडात शेवटी पानी पडलं का नाही, येवढंच सांगा. तुमचा जबाब येतवरी मी दुपारचं पानी सोडलं हाये. दिवा लागल्याबिगर घोट घेत नाही.'

मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या कागदावर पावसापाण्याबद्दल लिहिलं. दुसऱ्यावर देह नश्वर आहे असं लिहिलं. दोन्ही फाडले. 'हो' लिहिलं असतं तर ती पाणी प्यायली असती. तेही लिहिता आलं नाही. मग दिवस गेले. मग वर्षं गेली. एवढी वर्षं कोण असं व्रत पाळतं, असं मी स्वतःला सांगत आलो.

सत्याहत्तर साली मी आश्रम सोडला आणि तुमसरला एक खोली घेतली. मी एकटाच. नवा माठ आणला. पहिल्याच दिवशी तीन वाजता...

घट्... घट्...

मी झाकणाला फडकं बांधून पाहिलं. माठ खाटेजवळ घेऊन पाहिला. समोर बसून राहून पाहिलं. फडकं तसंच राहतं. माठ आतून कोरडा होतो. मी तिनाआधी एक तांब्या बाजूला भरून ठेवत असे. तोही रिकामा व्हायचा. मग ते सोडून दिलं. आता मी संध्याकाळी शेजारून पाणी मागून आणतो.

लोक विचारतील, भीती वाटत नाही का?

नाही वाटत. या खोलीतल्या नऊ वर्षांत एकदाही वाटली नाही. घड्याळाचे ठोके ऐकावेत तसं ते ऐकतो. माणसाला भीती तरी वाटायला हवी होती, असं कधीकधी मनात येतं.

मागच्या महिन्यात राइस मिलजवळच्या चहाच्या टपरीवर एक माणूस भेटला. तुलाराम नाव. आसगावचा निघाला. मी चहा संपल्यावर विचारलं, "तिथं रुखमिणी म्हणून एक बाई होत्या. माहेर सिहोऱ्याचं."

"होत्या कायले जी, हाये ना!" तो म्हणाला. "धान लावाले आमच्याच वावरात येते. पन अजब बाई हाये. दुपारी समद्या बाया पानी पेतात, हे पेत नाही. दिवा लागल्यावर पेते. बाया मनतात, का वं रुखमिणी, उंटाच्या जातीची हायेस का? हासते नुसती. यंदा दोनदा चिखलातच चक्कर येऊन पडली."

"का पीत नाही?"

"कोनाच्या तरी चिठ्ठीची वाट पाहून राहिली मनते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी ओळखता का तिले?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

उत्तर लिहायला मला बावीस दिवस लागले. लिहून झालं तेव्हा पाचच ओळी होत्या.

'केशरबाईंच्या तोंडात शेवटी पाणी पडले नाही. त्यांनी ते माझ्याकडे मागितले होते. माठ माझ्या टेबलाजवळ होता. पाणी तोडणारी पाटी माझ्या अक्षरात होती. तुमचा काही दोष नाही, आता पाणी प्या.'

आज सकाळी ते आंतर्देशीय पत्र घेऊन मी पोस्टात गेलो. खिडकीवर घनश्याम होता. माझा जुना विद्यार्थी.

"या वयात कोनाले पत्र, गुरुजी?" तो हसत म्हणाला.

मी पत्राची घडी घालून कडेच्या डिंकावर जीभ फिरवली. निघताना भांडंभर पाणी प्यायलो होतो. तरी जीभ खरखरीत, कोरडी लागली. कागद ओला होईना.

"वाटीत बोट बुडवा ना जी," घनश्याम म्हणाला. खिडकीत पाण्याची वाटी असते, तिकिटं ओली करायला.

मी बोट घातलं.

वाटी कोरडी होती.

"आताच त भरली होती मी..." त्यानं वाटी उचलून उलटी करून पाहिली. मग तो मागे माठाकडे गेला. झाकण उचलल्याचा आवाज आला. पुढे काहीच आवाज आला नाही. तो तिथंच उभा राहिला.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. तिनाच्या आधी असं कधी झालं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही.

घनश्याम परत आला. रिकाम्या हातानं.

"गुरुजी, थांबा जी, शेजारून पानी आनतो. असं उघडं कसं टाकता? रस्त्यात कोनीबी वाचन."

मी क्षणभर थांबलो.

मग पत्र तसंच, न चिकटवता, पेटीत टाकलं.